गुण कशाचे मिळतात? फोल्डइट, स्टॉल कॅचर्स आणि ईबर्ड यांचे परीक्षण

खेळता खेळता विज्ञानाला हातभार लावा, असे सांगणारी संकेतस्थळे आणि ॲप आता इतकी झाली आहेत की त्यांपैकी कोणते विद्यार्थ्यांच्या हाती द्यावे, असा प्रश्न कोणाही शिक्षकाला पडावा. खानदेशातल्या एका तालुक्याच्या गावी जीवशास्त्र शिकवताना आमच्या महाविद्यालयाच्या विज्ञान मंडळात मी त्यांतली बरीचशी वापरून घेतली आहेत. काही संगणक प्रयोगशाळेत वापरली, बहुतेक मात्र मुलांच्या स्वतःच्या मोबाइलवर, कारण आमच्याकडे येणाऱ्या मुलांपैकी थोड्यांच्याच घरी संगणक आहे. येथे मुख्यतः तिघांचा विचार केला आहे. त्यांतले दोन सरळसरळ खेळ आहेत आणि तिसरे पक्ष्यांच्या नोंदींचे ॲप असले तरी याद्या, क्रमवारी आणि मासिक आव्हाने यांमुळे ते वापरणाऱ्याला खेळासारखेच झपाटते.

तिघांनाही मी एकच कसोटी लावली आहे: खेळणाऱ्याला गुण नेमके कशाचे मिळतात? पदके, पातळ्या, पडद्यावर उडणारी चमकी ही सजावट सगळीकडे सारखीच असते आणि तिच्याविषयी लिहिण्यासारखे फारसे काही नाही. गुण खऱ्या उत्तराशी बांधलेले असतील तर मूल गुणांच्या मागे धावता धावता विज्ञानाकडेच जाते. ते केवळ किती वेळा बोट टेकवले याचे असतील, तर हुशार मूल पहिल्या तासातच विज्ञान बाजूला ठेवून आकडा वाढवण्याची युक्ती शोधून काढते, आणि त्याबद्दल त्याला बोल लावता येत नाही. खेळ मांडणाऱ्यानेच तसा मांडलेला असतो.

फोल्डइट हा तिघांतला सर्वांत अवघड आणि माझ्या मते सर्वांत प्रामाणिक खेळ आहे. अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठाने तो २००८ साली खुला केला. त्याआधी तेथील डेव्हिड बेकर यांच्या प्रयोगशाळेची रोझेटा ॲट होम नावाची योजना चालू होती, तिच्यात लोक आपापल्या संगणकाची रिकामी ताकद प्रथिनांच्या घड्या शोधण्यासाठी देत असत. पडद्यावर संगणकाची ती धडपड पाहणाऱ्या लोकांनीच कळवायला सुरुवात केली की घडी कोठे चुकते आहे हे आम्हाला नुसते पाहूनही दिसते, तर आम्हाला हात घालू द्या. खेळाची कल्पना त्यातून पुढे आली. बेकर यांना २०२४ साली प्रथिनांच्या संगणकीय रचनेच्या कामासाठी रसायनशास्त्राचे नोबेल विभागून मिळाले.

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांब साखळी असते आणि पेशीतल्या पाण्यात ती स्वतःभोवती गुंडाळली जाऊन कमीत कमी ऊर्जेच्या आकारात स्थिरावते, हे बारावीच्या मुलालाही ठाऊक असते. पण ते वाक्य पाठ असणे आणि ती साखळी स्वतः गुंडाळून पाहणे यांत बरेच अंतर आहे. फोल्डइटमध्ये पडद्यावर ही साखळी दिसते. पाण्यापासून दूर राहू पाहणारे भाग नारिंगी आणि पाण्याशी सलोखा असणारे निळे असतात. दोन अणू एकमेकांच्या अंगावर आले की तेथे लाल काटे उमटतात, आत पोकळी राहिली की लाल फुगे दिसतात, आणि हायड्रोजन बंध जुळला की निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची दांडी तयार होते. खेळणाऱ्याच्या हाती मोजकीच हत्यारे असतात. दोन भाग रबराने एकमेकांकडे ओढता येतात, एखादा भाग गोठवून ठेवता येतो, बाजूच्या फांद्या हलवून बसवता येतात आणि सगळी साखळी थरथरवून सैल करता येते. वर आकडा चालू असतो, आणि तो आकडा म्हणजे त्या आकाराच्या ऊर्जेचाच उलटा मांडलेला हिशेब असतो. ऊर्जा उतरली की गुण चढतात. येथे गुण आणि विज्ञान यांच्यामध्ये फटच ठेवलेली नाही.

या आकड्याने माझ्या विद्यार्थ्यांना एक गोष्ट शिकवली, जी मला फळ्यावर कधी नीट सांगता आली नव्हती. साखळीचा एक पट्टा चुकीच्या बाजूला अडकलेला असतो. तो सोडवायचा तर मधला सगळा गठ्ठा उकलावा लागतो आणि तसे करताच गुण धाडकन कोसळतात, पडदा लाल काट्यांनी भरून जातो. परीक्षेतल्या गुणांना जपत आलेली मुले येथे हटकून थबकतात आणि मागे फिरण्याची कळ दाबतात. जो थोडा वेळ ते कोसळणे सोसतो, पट्टा दुसऱ्या बाजूने नेऊन पुन्हा साखळी थरथरवतो, त्याचे गुण पूर्वीच्याही वर जातात. २०१० साली 'नेचर'मध्ये आलेल्या फोल्डइटवरील लेखात संशोधकांनी माणसाची हीच ताकद नोंदवली होती: पुढच्या लाभासाठी आजचे नुकसान पत्करून मोठी उलथापालथ करायला माणूस धजावतो, तर त्या काळचा संगणकीय कार्यक्रम तेथेच घुटमळत राहत असे.

फोल्डइटच्या नावावरची कामगिरी भरीव आहे. माकडांमध्ये एड्ससारखा आजार घडवणाऱ्या एका विषाणूच्या विकराची (एन्झाइमची) रचना दशकाहून अधिक काळ शास्त्रज्ञांना उलगडत नव्हती. खेळाडूंनी तिचा पुरेसा चांगला नमुना सुमारे तीन आठवड्यांत उभा केला आणि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधाच्या लेखकांत खेळाडूंच्या गटांचीही नावे आली. पुढच्याच वर्षी खेळाडूंनी फेररचना केलेल्या एका विकराची क्रियाशीलता अठरा पटींनी वाढल्याचे दाखवले गेले. २०१९ साली तर त्यांनी कोऱ्या पाटीवरून प्रथिने रचली. प्रयोगशाळेत तपासलेल्या १४६ रचनांपैकी ५६ स्थिर निघाल्या. म्हणजे निम्म्याहून अधिक रचना टिकल्या नाहीत, आणि तो आकडाही निबंधात मोकळेपणाने दिलेला आहे. विद्यार्थ्यांना मी यशापेक्षा हे आधी दाखवतो.

खानदेशातल्या वाचकाला जवळचे वाटावे असे एक कोडे फोल्डइटने २०१७ साली मांडले होते. शेंगदाणा आणि मका यांवर वाढणाऱ्या ॲस्परजिलस जातीच्या बुरशीपासून अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार होते आणि त्याचा यकृतावर घातक परिणाम होतो. ते विष निकामी करणारा विकर घडवण्याचे ते काम होते आणि खेळाडूंच्या रचना पेटंटमध्ये न अडकवता सर्वांना खुल्या ठेवण्याचे आश्वासन होते. सडकेच्या कडेला वाळत घातलेल्या मक्यावर अवकाळी पाऊस पडून गेल्यावर काय होते हे आमच्या मुलांना सांगावे लागत नाही. १९७४ साली शेजारच्या गुजरात-राजस्थानच्या आदिवासी पट्ट्यात, पंचमहाल आणि बांसवाडा जिल्ह्यांत, बुरशी लागलेला मका खाल्ल्याने शंभराहून अधिक माणसे दगावली होती. त्या घटनेची माहिती दिल्यावर वर्गात प्रथिनाच्या घडीविषयी जे प्रश्न आले, ते पाठ्यपुस्तकातल्या धड्यानंतर कधी आले नव्हते.

२०२० साली अल्फाफोल्ड या कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या संगणकीय कार्यक्रमाने प्रथिनांचा आकार ओळखण्याच्या स्पर्धेत जी मजल मारली, तिच्यामुळे फोल्डइटची गरज संपली काय, असे विद्यार्थी विचारतात. आकार ओळखण्यापुरते पाहिले तर माणसाची आघाडी राहिलेली नाही. खेळाने आपला भर नवी प्रथिने रचण्याकडे वळवला आणि आपली रचना खरोखर तशीच घडी घेईल काय हे अल्फाफोल्डकडून पडताळून पाहण्याची सोयही खेळातच आणली. ही तडजोड मला शहाणपणाची वाटते, पण खेळणाऱ्याच्या मनातून 'मी नसतो तर हे अडले असते' ही भावना काहीशी उणी होते, हे खरे आहे.

त्रुटी लहान नाहीत. खेळ संगणकावर उतरवून घ्यावा लागतो आणि मराठीत तो उपलब्ध नाही. सुरुवातीची सरावाची कोडी सोपी आणि चांगली आहेत, पण त्यांनंतर खऱ्या कोड्यांत शिरताना एकदम कडाच लागतो. मधल्या पायऱ्या फार थोड्या आहेत. शिवाय वरच्या क्रमांकांवरचे खेळाडू स्वतः लिहिलेल्या छोट्या संगणकीय कृती रात्रभर चालू ठेवतात. ज्याच्या घरची लाईट केव्हा जाईल याचा नेम नाही, त्याला त्या शर्यतीत उतरता येत नाही. विज्ञान शाखेच्या पदवीच्या विद्यार्थ्याला मी फोल्डइट डोळे मिटून सुचवेन. शाळेतल्या मुलाला फक्त सरावाची कोडी पुरे.

येथे थोडे विषयांतर करून दुसऱ्या एका खेळाचा उल्लेख केला पाहिजे, कारण गुण खऱ्या भौतिकशास्त्राशी बांधलेले असले की सगळे साधते, असा समज वरच्या मजकुरातून होऊ शकेल. डेन्मार्कमधील आरहूस विद्यापीठाच्या क्वांटम मूव्ह्ज या खेळात अणूला एका जागेहून दुसऱ्या जागी न सांडता न्यायचे असते. खेळाडूंच्या अंतःप्रेरणेने संगणकाच्या पद्धतींवर मात केली, असा दावा करणारा निबंध २०१६ साली 'नेचर'मध्ये आला आणि त्याचा गाजावाजाही खूप झाला. नंतर एका भौतिकशास्त्रज्ञाने साध्याच संगणकीय पद्धतीने खेळाडूंपेक्षा सरस उत्तरे काढून दाखवली, आणि २०२० साली तो निबंध मागे घेण्यात आला. खेळ वाईट नव्हता, गुणही खोटे नव्हते. ज्याच्याशी तुलना केली ते संगणकाचे गणितच कच्चे होते. माणसांचा समूह यंत्राहून शहाणा ठरला असे कोणी सांगितले की मुकाबला कोणत्या यंत्राशी होता, हे विचारण्याची सवय मुलांना लावावी, आणि त्यासाठी याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

स्टॉल कॅचर्स हा मोबाइलच्या ब्राउझरवर चालतो आणि शिकायला काही मिनिटे पुरतात. अमेरिकेतील ह्यूमन कॉम्प्युटेशन इन्स्टिट्यूट या संस्थेने कॉर्नेल विद्यापीठातील प्रयोगशाळेच्या साथीने तो २०१६ साली सुरू केला. अल्झायमरसारखा आजार निर्माण केलेल्या उंदरांच्या मेंदूतील सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या चित्रफिती त्यात असतात. त्या प्रयोगशाळेला असे आढळले होते की अशा उंदरांच्या केशवाहिन्यांपैकी सुमारे दोन टक्क्यांत रक्त अडून राहते, ते अडण्याचे कारण वाहिनीच्या भिंतीला चिकटलेल्या पांढऱ्या पेशी असतात, आणि त्या पेशी दूर केल्या की मेंदूचा रक्तपुरवठा आणि उंदरांची स्मरणशक्ती दोन्ही सुधारतात. दोन टक्के म्हणजे थोडे वाटेल, पण एका वाहिनीतला प्रवाह थांबला की तिच्या पुढच्या वाहिन्यांतलाही मंदावतो. हे संशोधन २०१९ साली प्रसिद्ध झाले. अडचण अशी की प्रयोग लवकर उरकतो, पण हजारो वाहिन्यांपैकी कोणती वाहती आणि कोणती अडलेली हे डोळ्यांनी तपासण्यात महिनेच्या महिने जातात. ते तपासण्याचे काम या खेळाने लोकांकडे दिले.

पडद्यावर करड्या रंगाची, दाणेदार, काही क्षणांची फीत येते. एका वाहिनीभोवती रेघ आखलेली असते आणि खालची पट्टी पुढे-मागे सरकवून फीत हवी तेवढी सावकाश पाहता येते. रक्तात सोडलेले रंगद्रव्य उजळ दिसते आणि लाल पेशी रंग घेत नसल्यामुळे काळ्या ठिपक्यांसारख्या दिसतात. ठिपके जागा बदलत असतील तर वाहिनी वाहती, तोच ठिपका तेथेच दिसत राहिला तर अडलेली. सांगायला एवढे सोपे आहे. प्रत्यक्षात सूक्ष्मदर्शक खोलीत उतरत जातो तशी वाहिनी पडद्यावर आपोआपच पुढे सरकल्यासारखी भासते, आणि "सर, हा ठिपका पुढे गेला का नुसती फीत हलली?" या एका प्रश्नावर आमच्याकडे दोन मुलींचा चांगलाच वाद झाला. एक म्हणत होती वाहते आहे. दुसरीने पट्टी अगदी हळूहळू सरकवत, वाहिनीच्या वळणावरच्या एका काळ्या ठिपक्यावर बोट ठेवून, आसपासची सगळी चित्रे बदलली तरी हा ठिपका वळणाच्या आतल्या बाजूलाच आहे, हे दाखवून दिले. निरीक्षण म्हणजे काय, यावर मी याहून चांगले व्याख्यान दिले नसते.

गुणांची व्यवस्था येथे चलाखीने केलेली आहे. ज्यांची उत्तरे तज्ज्ञांना आधीच ठाऊक आहेत अशा फिती मधूनमधून मिसळलेल्या असतात. त्यांवर तुम्ही चुकलात की बाजूच्या नळीतली निळी पातळी उतरते, बरोबर आलात की चढते, आणि पुढच्या उत्तराचे गुण या पातळीवर अवलंबून राहतात. म्हणजे डोळे मिटून बोट टेकवत राहणाऱ्याला भराभर उत्तरे देता येतील, पण त्याच्या उत्तराचे मोल घसरत जाईल. प्रत्येक फीत अनेकांना दाखवली जाते आणि सर्वांची उत्तरे त्यांच्या अचूकतेच्या प्रमाणात तोलून एकत्र केली जातात. एका माणसावर भरवसा न ठेवता अनेकांच्या मिळून आलेल्या मतावर ठेवायचा, आणि तो ठेवतानाही कोणाचे किती ऐकायचे हे आधी ठरवायचे, अशी ही रचना आहे.

माझी तक्रार दोन गोष्टींविषयी आहे. क्रमवारी एकूण गुणांची असल्यामुळे ज्याच्याजवळ वेळ अधिक तो वर राहतो आणि नव्याने आलेला, कितीही तीक्ष्ण नजरेचा असला तरी, तळाशीच दिसतो. दुसरे असे की कामात वैविध्य अजिबात नाही. फोल्डइटमध्ये माणूस शिकत शिकत पुढे जातो. येथे पहिल्या आठवड्यात जे करायचे तेच वर्षानंतरही करायचे. उंदरांवरील प्रयोगांविषयी काही मुलांनी प्रश्न विचारले, ते विचारले जाणे योग्यच होते, आणि त्यांवर स्वतंत्र तास घ्यावा लागला. तरीही नववीपासून पुढच्या कोणालाही, साध्या मोबाइलवर, अर्ध्या तासात खऱ्या संशोधनाला हात लावू देणारा याहून सोपा खेळ मी पाहिलेला नाही.

गॅलक्सी झूबद्दल थोडक्यात. स्लोन आकाश सर्वेक्षणातील सुमारे नऊ लाख दीर्घिकांचे आकार लोकांकडून ओळखून घेण्यासाठी तो उपक्रम २००७ साली सुरू झाला आणि पहिल्याच वर्षात पाच कोटींहून अधिक उत्तरे जमली. हॅनी व्हान आर्केल या डच शिक्षिकेला त्यातच एक विचित्र वायूचा ढग दिसला आणि तो तिच्याच नावाने ओळखला जातो. तेथे गुणांची शर्यत लावलेली नाही. त्याच परिवारातील ओल्ड वेदर या उपक्रमात मात्र जुन्या जहाजांच्या नोंदवह्यांतले हवामान उतरवून घेताना सर्वाधिक काम करणाऱ्याला कॅप्टनपद मिळत असे. अभ्यासकांना पुढे असे आढळले की त्या पदाने काहींना हुरूप आला, तर काहीजण आपल्याला ते कधीच मिळणार नाही असे पाहून काम सोडून गेले. माझ्या वर्गातही क्रमवारीचा परिणाम असाच दुहेरी होतो.

ईबर्डकडे वळण्यापूर्वी खानदेशातल्याच एका पक्ष्याची हकीकत सांगणे आवश्यक आहे. वनपिंगळा या छोट्या घुबडाचे शास्त्रीय वर्णन ॲलन ह्यूम यांनी १८७३ साली केले. जेम्स डेव्हिडसन या इंग्रज अधिकाऱ्याने १८८४ साली खानदेशात मिळवलेला नमुना हा त्याचा शेवटचा अस्सल नमुना. त्यानंतर १९१४ साली गुजरातेत हा पक्षी मिळाल्याची एक नोंद होती, ती कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहॅगन या नामांकित पक्षितज्ज्ञाची. नाव मोठे, त्यामुळे नोंद खरी धरली गेली आणि शोध घेणारे भलतीकडे शोधत राहिले. पामेला रासमुसेन या पक्षितज्ज्ञ बाईंनी संग्रहालयांतले नमुने तपासले तेव्हा ही नोंद खोटी असल्याचे उघड झाले. जुनाच नमुना चोरून, पुन्हा भरून, त्यावर नवी चिठ्ठी लावलेली होती. ती नोंद बाजूला ठेवून त्या आणि त्यांचे दोन सहकारी जुन्या अस्सल ठिकाणांकडे वळले, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी, वनपिंगळा त्यांना दिसला. ११३ वर्षे नाहीसा मानलेला पक्षी आपल्याच भागात होता. एका खोट्या चिठ्ठीने काय होते, हे खानदेशाइतके कोणाला ठाऊक असावे?

ईबर्ड वापरणाऱ्या प्रत्येक नवशिक्या मुलाला मी ही हकीकत आधी ऐकवतो, कारण हे ॲप अतिशय मोहात पाडणारे आहे. कॉर्नेल विद्यापीठाची पक्षिप्रयोगशाळा आणि ऑड्युबन संस्था यांनी ते २००२ साली सुरू केले आणि भारतात बर्ड काउंट इंडिया त्याभोवतीचे काम पाहते. तुम्ही किती वाजता निघालात, किती वेळ पाहिले, किती अंतर चाललात, कोणते पक्षी किती दिसले हे भरायचे, आणि शेवटी ओळखता आलेले सर्व पक्षी नोंदवले आहेत काय, या प्रश्नाचे उत्तर द्यायचे. हा शेवटचा प्रश्न फार मोलाचा आहे, कारण त्यामुळे पक्षी न दिसणे हीसुद्धा माहिती ठरते. मराठी नावे निवडण्याची सोय आहे, त्यामुळे मुलांना चक्रवाक चक्रवाक म्हणूनच शोधता येतो. अशा नोंदींच्या जोरावर 'भारतातील पक्ष्यांची स्थिती' हा अहवाल तयार होतो. २०२३ च्या आवृत्तीत सुमारे तीस हजार पक्षिनिरीक्षकांच्या नोंदींवरून ९४२ जातींचा विचार झाला आणि त्यांपैकी १७८ जातींना संरक्षणाच्या दृष्टीने अग्रक्रमाच्या मानले गेले.

तरीही माझ्या कसोटीवर तिघांत ईबर्डच सर्वांत कमी उतरते. तेथे जिल्ह्याच्या, राज्याच्या, देशाच्या पहिल्या शंभरांची क्रमवारी असते आणि ती जातींच्या संख्येवर आणि याद्यांच्या संख्येवर ठरते. अचूकतेला तीत स्थान नाही. हतनूरच्या जलाशयावर हिवाळ्यात सकाळी उभे राहिले की पाण्यावर दूरवर शेकडो बदके असतात, धुके असते, उन्हाची तिरीप डोळ्यांत येते, आणि हातातल्या साध्या दुर्बिणीतून लांबचे एक बदक अमुकच आहे असे वाटण्याची इच्छा फार बळावते, कारण ते तसे निघाले तर जिल्ह्याच्या यादीत आपण एक पायरी वर चढतो. वनपिंगळ्याचे तर विचारूच नका. गावोगाव दिसणारा साधा पिंगळा आणि तो यांतला फरक डोक्यावरच्या ठिपक्यांचा आणि छाती-शेपटीवरच्या पट्ट्यांचा असतो. संध्याकाळी यावलच्या जंगलातून परतताना दिसलेला कोणताही पिंगळा नवख्याला वनपिंगळाच वाटतो.

या मोहाला आवर घालण्याची व्यवस्था ईबर्डने गुणांत केली नसली तरी गुणांबाहेर केली आहे, आणि ती चांगली आहे. त्या भागात, त्या महिन्यात अपेक्षित नसलेला पक्षी किंवा असाधारण संख्या भरली की ॲप तेथल्या तेथे वर्णन मागते. पुढे त्या प्रदेशाचा जाणकार स्वयंसेवक नोंद तपासतो, गरज पडली तर छायाचित्र किंवा खुलासा मागतो, आणि तोपर्यंत ती नोंद सार्वजनिक माहितीत धरली जात नाही. आमच्या एका मुलाला अशी विचारणा आली तेव्हा तो रागावला. मला मात्र कर्नलसाहेबांना त्या काळी अशी विचारणा झाली असती तर, असे वाटून गेले. या तपासणीत नाव, हुद्दा, अनुभव पाहून सूट मिळत नाही. तिची मर्यादा एवढीच की वेगळे काही भरले तरच ती जागी होते. न मोजताच नेहमीच्या पक्ष्यांचे गोल आकडे ठोकून दिले, चाळीस साळुंक्या, पन्नास बगळे, तर त्याला अडवणारे कोणी नाही.

म्हणून आमच्या मंडळात ईबर्डची क्रमवारी पाहायची नाही, असा नियम केला आहे. याद्या भरायच्या त्या कागदावर टिपून, परतल्यावर मोबाइलवर चढवायच्या. ओळख पटली नसेल तर 'बदक' एवढेच लिहायचे, तशी सोय ॲपमध्ये आहे. फेब्रुवारीत देशभर होणाऱ्या मोठ्या पक्षिगणनेत आणि तिच्यातल्या महाविद्यालयीन गणनेत भाग घेतला की मुलांना स्पर्धेची हौस भागवता येते, आणि तेथे चार दिवसांचेच काम असल्यामुळे हाव फार सुटत नाही. शहरातल्या घराच्या गच्चीवरून पंधरा मिनिटांची यादीही चालते. कोणाही नव्या माणसाने त्यापासूनच सुरुवात करावी, हतनूरपासून नको.

पैशाचे म्हणाल तर तिन्ही सेवा फुकट आहेत. मोबाइलचा डेटा तेवढा लागतो, आणि त्यात चित्रफितींमुळे स्टॉल कॅचर्स अधिक खातो. श्रेयाच्या बाबतीत फोल्डइट सर्वांच्या पुढे आहे. भाषेच्या बाबतीत ईबर्ड पुढे आहे, आणि हा भेद किरकोळ नाही: घरी अहिराणी, वर्गात मराठी आणि पडद्यावर इंग्रजी अशी तीन पायऱ्यांची चढण चढून येणाऱ्या मुलाची अर्धी शक्ती सूचना समजून घेण्यातच जाते. स्टॉल कॅचर्समध्ये मुळात वाचायचे थोडे असल्यामुळे तेथे हे कमी जाणवते.

आपल्या भागाचा स्वतःचा प्रश्न घेऊन असा खेळ कोणी केलेला मला आढळला नाही, आणि तो व्हावा असा विषय डोळ्यांसमोर आहे. रावेर-यावल पट्ट्यात केळीवर येणारा कुकुंबर मोझॅक विषाणूचा रोग, ज्याला शेतकरी हरण्या म्हणतात, तो पावसाळी ढगाळ हवेत माव्यामार्फत पसरतो. रोगट झाड वेळीच ओळखून उपटून नष्ट करणे हाच मुख्य उपाय असतो. पानांवरचे पिवळे पट्टे अन्नद्रव्यांच्या कमतरतेच्या खुणांशी घोटाळा करतात, त्यामुळे ओळखण्यात उशीर होतो. शेतकऱ्यांनी पाठवलेली पानांची छायाचित्रे अनेकांना दाखवून उत्तरे तोलायची, ही स्टॉल कॅचर्सची पद्धत येथे जशीच्या तशी लागू पडेल. त्यासाठी आधी मात्र प्रयोगशाळेत चाचणी करून पक्के ठरवलेल्या, रोगट आणि निरोगी, अशा काही शे पानांची छायाचित्रे हवीत, म्हणजे मधूनमधून मिसळायला उत्तरे ठाऊक असलेली चित्रे हाताशी राहतील. ॲप त्यानंतर कोणीही करून देईल. एखाद्या कृषी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी येत्या पावसाळ्यात ती पाने गोळा करण्याचे काम हाती घेतले, तर आमच्या मंडळाची मुले बागा हिंडायला तयार आहेत.